बियांच्या तेलांची जिवाणूरोधक चाचणी: खळगा, चकती की ब्रॉथ?

तेलघाणा

कडुनिंब, करंज, कलौंजी आणि ओवा या चार बियांची तेलं जिवाणूंना रोखतात का, हे तपासायचा आराखडा खाली देतोय. काम सुरू व्हायच्या आधीच भोकं दिसलेली बरी, म्हणून हा धागा. बिनधास्त फाडा.

पहिली तीन तेलं सॉक्सलेटने (द्रावक पुन्हापुन्हा बियांवरून फिरवून तेल काढणारं काचेचं उपकरण), हेक्झेन या द्रावकात. ओव्याचं क्लेव्हेंजरने (वाफेबरोबर उडणारं तेल गोळा करणारं उपकरण). जिवाणू दोन: स्टॅफिलोकॉकस ऑरियस (एटीसीसी या संग्रहातला वाण क्र. २५९२३) आणि ई. कोलाय (एटीसीसी २५९२२). म्युलर-हिंटन आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटमध्ये ६ मिमीचे खळगे, प्रत्येकात ५० मायक्रोलिटर. तेल डीएमएसओ या द्रावकात पातळ करून १००, ५० आणि २५ टक्के. ३५ अंश सेल्सियसला रात्रभर. सकाळी खळग्याभोवतीचा मोकळा झोन मोजायचा, तीन खळग्यांची सरासरी काढायची, ज्याचा झोन मोठा ते तेल जास्त प्रभावी. कंट्रोल म्हणून नुसतं डीएमएसओ आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची चकती.

पेट्रीपंडित

शेवटून सुरुवात करतो, कारण ‘ज्याचा झोन मोठा ते प्रभावी’ या एका वाक्यात सगळा आराखडा बुडतो.

आगर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. त्यातून पसरायचं तर पदार्थ थोडा तरी पाण्यात विरघळायला हवा. कडुनिंब, करंज, कलौंजीचं तेल म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड (साधा मेद, पाण्यात न विरघळणारा). ते खळग्यात घातलं की खळग्यातच बसून राहतं. उलट ओव्याच्या तेलातला थायमॉल थोडा पाण्यात विरघळतो, शिवाय वाफेनेही पसरतो. या दोघांचे झोन शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाला पळायला मैदान आणि दुसऱ्याला दलदल देऊन वेळ लावण्यासारखं. झोन नाही याचा अर्थ ‘पोचलं नाही’ असाही असतो.

तेव्हा खळगा किंवा चकती ही फक्त चाळणी. तीही ओव्यासारख्या उडनशील तेलांपुरती. स्थिर, म्हणजे न उडणाऱ्या तेलांसाठी ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पातळ माध्यमात) किंवा आगरमध्ये तेल मिसळूनच एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, काढा.

तरीही प्लेट लावणार असाल तर काही आकडे ढिले सोडू नका. आगरचा थर ४ मिमी हवा, म्हणजे ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिलि. थर पातळ तर झोन फुगतो, जाड तर आक्रसतो. पीएच ७.२ ते ७.४. वाढलेल्या वसाहतींपासून सलाइनमध्ये ०.५ मॅकफर्लंड (गढूळपणावरून जिवाणूंची घनता जुळवायचं माप) इतका गढूळपणा करा: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिलि अधिक १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिलि, या मानकाशी जुळवून. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३. ही मिलिलिटरला १० ते २० कोटी जिवाणूंची घनता झाली. स्वॅब नळीच्या भिंतीला दाबून पिळा, तीनदा फिरवा, दर वेळी प्लेट ६० अंशांनी वळवा. पंधरा मिनिटांच्या आत चकत्या लावा.

जेंटामायसिनची चकती नुसती शोभेला नको. २५९२२ वर तिचा झोन १९ ते २६ मिमी, २५९२३ वर १९ ते २७ मिमी यायला हवा. त्याबाहेर गेला तर त्या दिवशीच्या सगळ्या प्लेटा रद्द, तेलाचा झोन कितीही सुंदर दिसला तरी.

डोळस

खळग्यातल्या तेलाचे खोटे झोन दोन प्रकारचे, आणि दोन्ही डोळ्यांनी ओळखता येतात.

पहिला, गळती. बोअररने खळगा पाडताना आगर तळापासून किंचित उचललं जातं आणि तेल त्या फटीतून आगरखाली सरकतं. प्लेट उजेडासमोर तिरकी धरली की आगरच्या खाली तेलकट पिवळट डाग दिसतो, काठ वेडावाकडा, अमिबासारखा. खऱ्या झोनचा काठ गोल आणि सगळीकडे सारख्या अंतरावर. उपाय सोपा: खळगा पाडल्यावर तळाशी १५-२० मायक्रोलिटर वितळलेलं आगर सोडून तळ बंद करायचा, गोठलं की मग तेल.

दुसरा, सांडणं. ६ मिमी रुंद आणि ४ मिमी खोल खळग्यात जेमतेम ११० मायक्रोलिटर मावतं, तळ बंद केल्यावर त्याहून कमी. ५० घातलं तर बसतं, पण प्लेट उलटी केली की तेल काठावरून वर चढतं. पृष्ठभागावर तेलाची पातळ साय पसरते, खाली जिवाणूंची वाढ झालेली असते पण सायीमुळे ती पारदर्शक दिसते. संशय आला तर त्या ‘मोकळ्या’ जागेतून लूप ओढून नव्या प्लेटवर रेघ मारा. भरघोस वाढ आली तर तो झोन नव्हताच. खळग्यांच्या प्लेटा सरळ ठेवूनच इन्क्युबेट करा.

आणि एक तिसरं, जे झोनच्या उलट दिसतं: खळग्याभोवती पांढरी, धुरकट कडी. बऱ्याचदा जिवाणूंचं लायपेझ हे विकर तेल फोडतं, सुटलेली मेदाम्लं आगरमधल्या कॅल्शियमशी बसून साबणासारखी साचतात. तिला ‘आंशिक रोध’ म्हणून तक्त्यात घालू नका.

ऊर्ध्वपातन

मी काढणीकडे येतो. पुढची निम्मी खोटी उत्तरं इथेच जन्मतात.

सॉक्सलेट: बी अर्धा ते एक मिमीपर्यंतच भरडा. पिठासारखं केलंत तर थिंबलमध्ये (सॉक्सलेटमधल्या भरड ठेवायच्या नळीत) घट्ट बसतं आणि हेक्झेन कडेकडेने वाट काढून जातं, मधला भाग कोरडा राहतो. ३० ग्रॅम भरड, २५० मिलि हेक्झेन, सायफनमधला द्रव रंगहीन होईपर्यंत, साधारण सहा तास. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे हीटिंग मँटल किंवा पाण्याचं बाथ, उघडी ज्योत खोलीत कुठेच नाही.

मग रोटरी बाष्पकावर ४० अंशांना हेक्झेन उडवलं की काम झालं असं वाटतं. झालेलं नसतं. घट्ट तेल उरलेलं हेक्झेन धरून बसतं, आणि हेक्झेन जिवाणूंच्या पटलाला त्रास देतं. फ्लास्क निर्वातात ठेवून दर तासाला वजन करा. लागोपाठ दोन वजनं १० मिलिग्रॅमच्या आत जुळली की थांबा. आणि कोरा नमुना लावा: रिकामं थिंबल, तितकंच हेक्झेन, तितकेच तास, पण बाष्पकावर चढवण्याआधी त्यात शुद्ध ट्रायोलिन (निव्वळ एकच ट्रायग्लिसराइड) किंवा ॲल्युमिनावरून गाळलेलं रिफाइंड तेल घाला. या कोऱ्या तेलाने जिवाणू रोखले तर दोष द्रावकाचा. तुमच्या आराखड्यात नुसतं डीएमएसओ हा एकमेव नकारात्मक कंट्रोल आहे, तो या प्रश्नाला उत्तरच देत नाही.

कलौंजीला मात्र हा सगळा खटाटोप उलटा पडतो. तिच्यातला थायमोक्विनोन उडनशील आहे, उजेडाने बिघडतो. निर्वातात जितका वेळ हेक्झेन काढाल तितका तोही जाईल. कलौंजीसाठी थंड दाबाचं तेल घ्या: दाबलं, सेंट्रिफ्यूज केलं, गडद बाटलीत काठोकाठ भरून ४ अंशांना.

ओवा: १०० ग्रॅम भरड, १ लिटर पाणी, तीन तास. कंडेन्सरचं पाणी फार गार ठेवू नका. थायमॉल ५० अंशांच्या आसपास वितळतो, नळीतच खडे धरतात. शीतकपाटातून काढलेल्या तेलातही तळाशी पांढरे स्फटिक दिसतील. वरचा द्रव पिपेटने उचललात तर थायमॉल मागे ठेवून बाकीचंच तपासाल. बाटली बंद ठेवून ४० अंशांना कोमट करा, स्फटिक विरघळले की हलवून मग घ्या.

(अवांतर: यादीत मोहरी आली तर लक्षात ठेवा की तिचं तिखट अस्त्र बियात तयार नसतं. बी ठेचून पाणी लागलं की मायरोसिनेझ हे विकर सिनिग्रिनपासून अॅलाइल आयसोथायोसायनेट बनवतं. कोरडं दाबून काढलेलं तेल आणि कोमट पाण्यात भिजवून मग काढलेलं तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बी आधी भाजलं तर विकरच मरतं.)

निमूट

एक साधा प्रश्न. तेल निर्जंतुक कसं करायचं? १२१ अंशांना १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह चालेल ना?

पेट्रीपंडित

नाही. ऑटोक्लेव्हमध्ये मारते ती ओली वाफ. निर्जल तेलात वाफ शिरत नाही, त्यात अडकलेले बीजाणू कोरड्या उष्णतेत बसल्यासारखे बसून राहतात. कोरड्या उष्णतेने करायचं तर १६० अंशांना दोन तास, आणि तेवढ्यात असंतृप्त तेलाचं ऑक्सिडेशन होऊन तपासायची वस्तूच बदलते. ओव्याच्या तेलाला तर दोन्ही नकोत.

पीटीएफईचा ०.२२ मायक्रॉनचा जलविरोधी फिल्टर, तेल ४० अंशांना कोमट करून. घट्ट असेल तर आधी ०.४५ मधून. मग १०० मायक्रोलिटर साध्या आगरवर पसरून ४८ तास पाहा. काही उगवलं नाही की पुढे.

मोजमाप

ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनची, म्हणजे छोट्या खळग्यांत तेल पायरीपायरीने पातळ करून एमआयसी काढायची, मांडणी देतो, ९६ खळग्यांच्या प्लेटची. यासाठी स्टॅफिलोकॉकसचा वाण २९२१३ घ्या. २५९२३ चकतीसाठी आहे, एमआयसीचे संदर्भ आकडे २९२१३ चे मिळतात.

मूळ इमल्शन: तेल ४०० मायक्रोलिटर, ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) ५० मायक्रोलिटर, कॅटायन-समायोजित (कॅल्शियम-मॅग्नेशियम ठरावीक प्रमाणात असलेला) म्युलर-हिंटन ब्रॉथ घालून एकूण १० मिलि. म्हणजे तेल ४ टक्के, ट्वीन ०.५ टक्के. क्रम महत्त्वाचा: आधी तेल आणि ट्वीन कोरडेच एकजीव करा, मग ३७ अंशांचा ब्रॉथ थेंबाथेंबाने, व्हॉर्टेक्स चालू ठेवून. उलट केलंत, म्हणजे ब्रॉथमध्ये तेल ओतलंत, तर ठिपके तरंगतात आणि पहिल्या खळग्यात चारऐवजी आठ टक्के गेलं की एक, हे देव जाणे. इमल्शन काचेच्या नळीत वीस मिनिटं उभं ठेवा. वर सायीचा थर दिसला तर अल्ट्रासोनिकेटरने बर्फात ठेवून ३० सेकंदांचे झटके द्या.

घट्ट तेल साध्या पिपेटने मोजू नका. टोकाच्या आत थर चिकटून राहतो आणि दर वेळी कमी पडतं. वजन करा: घनता ०.९२ धरली तर ४०० मायक्रोलिटर म्हणजे ०.३६८ ग्रॅम. ओव्याच्या तेलाची घनता वेगळी, ती मोजून घ्या.

प्लेट: स्तंभ १ मध्ये २०० मायक्रोलिटर इमल्शन. २ ते १२ मध्ये १०० मायक्रोलिटर ब्रॉथ, ०.५ टक्के ट्वीन असलेला. इथे साधा ब्रॉथ घालण्याची चूक सर्रास होते, आणि मग तेलाबरोबर ट्वीनही दुपटीने पातळ होत जातो. १ मधून १०० उचलून २ मध्ये, असं १० पर्यंत, १० मधले १०० टाकून द्या. ११ वाढीचा कंट्रोल, १२ निर्जंतुकतेचा.

जिवाणू: ०.५ मॅकफर्लंडचं निलंबन साध्या ब्रॉथमध्ये १५० पट पातळ केलं की मिलिलिटरला १० लाख. त्यातले १०० मायक्रोलिटर प्रत्येक खळग्यात (स्तंभ १२ आणि खाली दिलेली इ ओळ सोडून, तिथे नुसता ब्रॉथ). आता जिवाणू मिलिलिटरला ५ लाख, तेल २ टक्क्यांपासून स्तंभ १० मध्ये ०.००३९ टक्क्यांपर्यंत, ट्वीन सगळीकडे ०.२५ टक्के.

५ लाख खरोखर आहेत का, हे त्याच वेळी मोजा. स्तंभ ११ मधले १० मायक्रोलिटर १० मिलि सलाइनमध्ये, त्यातले १०० मायक्रोलिटर प्लेटवर. ५० च्या आसपास वसाहती हव्यात. २०० आल्या तर एमआयसी खोटी वर सरकेल, ५ आल्या तर खाली.

ओळी: अ, ब, क मध्ये तेल. ड मध्ये कोरं तेल. इ मध्ये तेल आहे पण जिवाणू नाहीत. फ मध्ये जेंटामायसिन. इ ओळ कशाला, ते वाचनाच्या वेळी कळेल.

तेलघाणा

हे सगळं पटलं. पण डीएमएसओ सरळ काढूनच टाकायचं का? बऱ्याच अहवालांत दिसतं.

मोजमाप

ओव्याच्या तेलाला डीएमएसओ चालतं, अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवून. ट्रायग्लिसराइड त्यात विरघळतच नाही. करंजाचं तेल आणि डीएमएसओ हलवून पाच मिनिटं ठेवा, दोन थर स्वच्छ दिसतील. तुमचं ‘५० टक्के’ हे पिपेटचं टोक कोणत्या थरात होतं यावर अवलंबून.

ऊर्ध्वपातन

ट्वीनलाही डोक्यावर घेऊ नका. फिनॉल गटातल्या द्रव्यांना निष्प्रभ करण्यासाठी जी उदासीनकारी माध्यमं वापरतात, त्यांत लेसिथिनबरोबर ट्वीन ८० च असतो. थायमॉल ट्वीनच्या मायसेलमध्ये (त्याच्या रेणूंच्या बारीक गोळ्यांत) जाऊन बसतो आणि जिवाणूच्या वाट्याला कमी येतो. ओव्याच्या तेलासाठी ट्वीनऐवजी ब्रॉथमध्ये ०.१५ टक्के आगर घाला. ब्रॉथ किंचित दाट होतो, थेंब तरंगून वर येत नाहीत, पिपेटिंग जमतं.

मोजमाप

०.१५ टक्के आगरमध्ये स्थिर तेलं धरून राहत नाहीत, दोन तासांत वर येतात. मग चार तेलांची एकाच माध्यमात तुलना कशी करणार?

ऊर्ध्वपातन

करायचीच कशाला? उडनशील आणि स्थिर तेलांची एका तक्त्यात शर्यत लावणं हाच मुळात चुकीचा हट्ट. तरी एक पूल बांधता येतो: शुद्ध थायमॉल दोन्ही माध्यमांत लावा. ट्वीनमध्ये त्याची एमआयसी आगरपेक्षा किती पट वर गेली, तितका ट्वीनचा अडथळा. तो आकडा अहवालात छापा आणि पुढे जा.

मोजमाप

हे मान्य. आणि ट्वीन असेल तिथे संदर्भ प्रतिजैविक म्हणून पॉलिमिक्सिन गटातलं काही घेऊ नका. ट्वीन ८० मुळे त्यांची एमआयसी खाली येते. जेंटामायसिन ठीक.

आम्लमापी

कोणीच आम्लांक (तेलात मुक्त मेदाम्लं किती याचं माप) आणि पेरॉक्साइड मूल्य (तेल किती खवट झालंय याचं माप) विचारलं नाही याचं नवल वाटतं. स्टॅफिलोकॉकसवर चाललेली निम्मी ‘जिवाणूरोधक’ तेलं प्रत्यक्षात फक्त खवट किंवा फुटलेली असतात.

मुक्त मेदाम्लं, विशेषतः लिनोलेइक आणि लॉरिक, ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना चांगलीच रोखतात. ट्रायग्लिसराइडमध्ये बांधलेली असतात तोवर निरुपद्रवी. ओलसर बी साठवलं की बियातलंच लायपेझ त्यांना सोडवतं. हिशेब करून बघा: आम्लांक १० म्हणजे ओलेइक धरून सुमारे ५ टक्के मुक्त मेदाम्ल. १ टक्का इमल्शनमध्ये तेल ९.२ मिलिग्रॅम प्रति मिलि, त्यात मुक्त मेदाम्ल ०.४६ मिलिग्रॅम. त्यातला बराच भाग लिनोलेइक असेल तर स्टॅफिलोकॉकसला रोखायला तो एकटा पुरतो, आणि श्रेय मात्र कडुनिंबातल्या लिमोनॉइडांना (कडू द्रव्यांना) जातं.

आम्लांक: २ ग्रॅम तेल, उदासीन केलेल्या इथेनॉल-ईथर मिश्रणात ५० मिलि, फिनॉल्फ्थॅलिन, ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइडने गुलाबी छटा ३० सेकंद टिकेपर्यंत. आम्लांक = ५६.१ × नॉर्मॅलिटी × मिलि ÷ ग्रॅम. गडद कडुनिंब तेलात गुलाबी दिसणार नाही, तिथे पीएच मीटर लावा.

पेरॉक्साइड मूल्य: ५ ग्रॅम तेल, ॲसेटिक आम्ल आणि क्लोरोफॉर्म ३:२ असं ३० मिलि, संतृप्त पोटॅशियम आयोडाइड ०.५ मिलि, बरोबर एक मिनिट हलवा, ३० मिलि पाणी, मग ०.०१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट, शेवटी स्टार्च. एका मिनिटाचं दीड मिनिट केलंत तर हवेतल्या ऑक्सिजनने आयोडीन वाढतं. कोरं टायट्रेशन वजा करायला विसरू नका.

आम्लांक जास्त आला म्हणून तेल फेकायचं नाही. त्याच तेलाचे दोन वाटे करा. एकाला हिशेबाने सोडियम हायड्रॉक्साइड देऊन ६० अंशांना उदासीन करा, सेंट्रिफ्यूज करा, कोमट पाण्याने धुवा, पाणी फिनॉल्फ्थॅलिनला गुलाबी होणं थांबेपर्यंत. धुण्यात कुचराई नको, उरलेला साबण स्वतःच जिवाणूरोधक. मग कच्चं आणि उदासीन, दोन्ही शेजारी लावा. उदासीन केल्यावर क्रिया गेली तर ती मेदाम्लांची होती.

पेट्रीपंडित

+१. आणि ई. कोलायवर काहीच न होता फक्त स्टॅफिलोकॉकसवर क्रिया दिसली तर मेदाम्लांचा संशय आणखी बळावतो. ग्रॅम-निगेटिव्हांचं बाहेरचं लिपोपॉलिसॅकराइडचं पटल अशा तेलकट रेणूंना दारातच अडवतं.

तेलघाणा

समजा उदासीन तेलातही थोडी क्रिया उरली, पण २ टक्क्यांना. १८ मिलिग्रॅम प्रति मिलि. हे काही सांगण्यासारखं आहे का?

आम्लमापी

संपूर्ण तेल म्हणून नाही. इतक्या मात्रेत बऱ्याच गोष्टी काहीतरी करतात. पण त्यात १ टक्क्याहून कमी असलेलं एखादं द्रव्य चांगलं असू शकतं, आणि ते ९९ टक्के ट्रायग्लिसराइडात बुडालंय. वेगळं काढा: १० ग्रॅम तेल ५० मिलि हेक्झेनमध्ये, ९० टक्के मिथेनॉलने तीनदा, दर वेळी २५ मिलि. करंजिन, लिमोनॉइड असली ध्रुवीय मंडळी मिथेनॉलमध्ये येतात, ट्रायग्लिसराइड हेक्झेनमध्ये राहतात. थर वेगळे व्हायला वेळ लागला तर जोराने हलवलंय, हलकेच उलटसुलट करा. मिथेनॉल उडवून उरलेलं वजन करा. आता हा अंश डीएमएसओत खरोखर विरघळेल, आणि त्याची एमआयसी मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली आली तरच पुढे शिकार करण्यात अर्थ.

शिकारीला बायोऑटोग्राफी, म्हणजे घटक वेगळे करून त्यांच्यावर थेट जिवाणू वाढवणं: टीएलसी प्लेटवर (घटक वेगवेगळ्या उंचीवर नेणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) हा अंश चालवा, द्रावक पूर्ण उडू द्या (रात्रभर, घाई नको), वर जिवाणू मिसळलेल्या ०.७ टक्के मऊ आगरचा पातळ थर, इन्क्युबेट करून टेट्राझोलियम मीठ फवारा. जांभळ्या पार्श्वभूमीवर जिथे पांढरा ठिपका, तिथे द्रव्य. ठिपका मेदाम्लांच्या उंचीवर आला तर पुन्हा तीच मेदाम्लं निघाली समजा. शेजारी लिनोलेइक आम्लाची मार्गिका म्हणूनच ठेवायची.

डोळस

ओव्याच्या प्लेटबद्दल दोन इशारे. पॉलिस्टायरीनची ९६ खळग्यांची प्लेट टर्पीन असलेल्या तेलाने मऊ पडते, तळ दुधाळ होतो. ती वाढ समजून कोणी वाचू नये. पॉलिप्रॉपिलीनची प्लेट घ्या. आणि थायमॉलची वाफ शेजारच्या ओळीतही शिरते. ओव्याच्या प्लेटवर दुसरं काही ठेवूच नका, वाढीच्या कंट्रोलचा एक संच वेगळ्या प्लेटमध्येही लावा आणि चिकट पट्टीने प्लेट बंद करा. बाहेरच्या प्लेटवर वाढ भरघोस आणि आतल्या स्तंभ ११ मध्ये कमी, तर वाफ पोचली.

वाफेचीच क्रिया बघायची असेल तर झाकणाच्या आत चकती चिकटवून १० मायक्रोलिटर तेल द्या, जिवाणू लावलेली प्लेट त्यावर उलटी, कडेने पट्टी. संपर्काविना झोन आला तर तो वाफेचा.

निमूट

हे घरी, स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरवर करता येईल?

पेट्रीपंडित

तेल काढून आम्लांक बघणं वेगळं, स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाढवणं वेगळं. तो रोगकारक आहे, जैवसुरक्षा पातळी २ ची प्रयोगशाळा लागते. शिकण्यासाठी बॅसिलस सबटिलिस आणि ई. कोलाय के-१२ घ्या, तेही प्रयोगशाळेतच. वापरलेल्या प्लेटा १२१ अंशांना ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करून मगच टाका. हायपोक्लोराइटमध्ये बुडवलेलं काही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीन सुटतो. एरंड यादीत घ्याल तर पेंडीची धूळ उडू देऊ नका, रायसिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं.

मोजमाप

‘तीन खळग्यांची सरासरी’ राहून गेली. एकाच प्लेटवरचे तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, एकच प्रयोग तीनदा वाचलेला. वेगळे तीन दिवस, ताजं निलंबन, ताजं इमल्शन, तेव्हा तीन. आणि एमआयसी दुपटीच्या पायऱ्यांवर चालते, ०.२५, ०.५, १. तिची सरासरी ०.५८ अधिक-उणे ०.३८ अशी लिहिणं हास्यास्पद. मध्यक लिहा, पल्ला लिहा. एका पायरीचा फरक तर फरकच नाही. एकक नेहमी मिलिग्रॅम प्रति मिलि, नुसते टक्के नकोत.

तेलघाणा

आराखडा बदलला. सगळ्या तेलांचं आम्लांक आणि पेरॉक्साइड आधी. कलौंजी थंड दाबाची. ट्रायोलिनचा कोरा नमुना. ओवा वेगळ्या पॉलिप्रॉपिलीन प्लेटवर, आगरमध्ये, शुद्ध थायमॉल दोन्ही माध्यमांत. बाकी तिन्ही ट्वीनमध्ये, कच्चं आणि उदासीन.

एक अडलंय: इमल्शन आधीच दुधासारखं, मग वाढ दिसणार कशी?

मोजमाप

म्हणूनच इ ओळ. रेझाझुरिन (जिवंत जिवाणू असले की गुलाबी होणारा निळा रंग) १५ मिलिग्रॅम १०० मिलि पाण्यात, गाळून, गडद बाटलीत. १८-२० तासांनी प्रत्येक खळग्यात ३० मायक्रोलिटर, पुन्हा ३५ अंशांना दोन ते चार तास. निळं तर वाढ नाही, गुलाबी तर आहे. दर अर्ध्या तासाला बघा, कारण जोरदार वाढ असेल तर गुलाबीही पुढे उडून रंगहीन होतं, आणि दुधाळ इमल्शनमध्ये ते पांढरं दिसून नवखा माणूस ‘निळं नाही, गुलाबीही नाही’ म्हणून गोंधळतो. तेलातली क्षपणकारक द्रव्यं जिवाणूंशिवायही रेझाझुरिन गुलाबी करू शकतात. इ ओळ गुलाबी झाली की त्या तेलासाठी रंग बाद, तिथे प्रत्येक खळग्यातून आगरवर ठिपके देऊनच वाचायचं.

मारतं की फक्त रोखतं हे हवं असेल तर नमुने रंग घालायच्या आधी काढा. निळ्या ठरणाऱ्या खळग्यांतले १० मायक्रोलिटर, ३ टक्के ट्वीन आणि ०.३ टक्के लेसिथिन घातलेल्या आगरवर पूर्ण पसरून, म्हणजे बरोबर आलेलं तेल तिथे काम करत राहणार नाही. सुरुवातीला त्या १० मायक्रोलिटरमध्ये ५,००० जिवाणू होते. पाच किंवा कमी वसाहती आल्या तर ९९.९ टक्के मेले. कोणता खळगा निळा ठरेल हे आधी कळत नाही, तेव्हा स्तंभ १ ते १० सगळेच पसरा. प्लेटा जास्त लागतील, त्या आदल्या दिवशीच ओता आणि कोरड्या करून ठेवा.